गाळलेल्या ओळी

मला राग लवकर येतो. त्या शनिवारी दुपारी राग आला, याचं मला आजही वाईट वाटत नाही. भाजणीची पिशवी घेऊन मी बालीगंजला ताईच्या खोलीवर पोचलो, तर दाराची कडी उखडलेली. आत तिचा नवरा तिचे केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटत होता. तिचा उजवा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. चकलीचा पितळी सोऱ्या जमिनीवर पडलेला. तोच उचलला आणि त्याच्या थोबाडावर हाणला. तो खाली पडला तरी हाणत राहिलो. शेजारच्या दोघांनी मला मागे ओढलं, म्हणून मी आज बाहेर आहे.

त्याला भावजी म्हणायचो, आता जीभ जळते. हावड्याला त्याचा लेथचा कारखाना. लग्न झाल्यापासून तिला मारायचा आणि सणाला आमच्याकडे येऊन पुरणपोळ्या हाणायचा. शेवटी ताई घर सोडून निघाली. तो आधी न्यू टाउनला माझ्याच फ्लॅटवर येणार हे उघड होतं, म्हणून तिला बालीगंजला ठेवलं. आला, दारावर लाथा घातल्या, शिव्या दिल्या. मी पत्ता सांगितला नाही. स्वतःला फार शहाणा समजत होतो.

ताईच्या चकल्यांसाठी मीच वेबसाइट केली होती. नाव नाही, पत्ता नाही, फक्त माझा फोन. पोचवायला डिलिव्हरीवाला. पण ही चकली कुणाच्या हातची, हे इथल्या मूठभर मराठी मंडळींना सांगावं लागत नाही, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही; त्याच्याही कानावर गेलंच असणार. फोटो मीच काढला. उजेड चांगला म्हणून ताट ताईच्या खोलीच्या गॅलरीत, कठड्यावर ठेवलं. मागे, रस्त्यापलीकडे, औषधांच्या दुकानाची पाटी आली. मला फक्त चकलीचे काटे दिसत होते.

सर्व्हरवर कोण कधी आलं, काय उघडलं, त्याची एकेक ओळ लॉगमध्ये पडते. त्या ओळी मोजायला मी वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली होती. रोज सकाळी चहाबरोबर चालवायचो. एकेका पानाबरोबर दहा फोटो उतरतात, आकडे फुगतात, म्हणून फोटोंच्या ओळी आधीच गाळायच्या, ही माझी जुनी सवय. मग एक आयपी पत्ता, म्हणजे बघणाऱ्याच्या इंटरनेटचा नंबर, रोज सगळ्यांत वर दिसू लागला. तेच चकलीचं पान, पुन्हा पुन्हा. माणूस कशाला एवढ्यांदा बघेल? आपोआप वेबसाइटी चाळत फिरणारा रोबोट असणार, असं ठरवून मी तो पत्तासुद्धा गाळून टाकला. यादी छान स्वच्छ झाली.

त्या शनिवारी ताईला आत नेल्यावर, हॉस्पिटलच्या बाकावर, शर्टावर तिच्या नवऱ्याचं रक्त वाळत असताना, मी लॅपटॉप उघडून काहीही न गाळता लॉग बघितला. असले रोबोट बहुतेक फोटो उतरवत नाहीत, हे ऑफिसात नव्या पोरांना मीच शिकवतो. या पत्त्यानं फोटो उतरवला होता. पान सोडून नुसता फोटोही पुन्हा पुन्हा उघडला होता, मोठ्या आकारातला. आठवडाभर तो त्या पाटीवरचं नाव वाचत बसला होता, आणि मी त्याला रोज सकाळी माझ्या हातानं लपवत होतो.

ताईला सांगायचं की नाही? लाज वाटत होती. पोलीस त्याला घेऊन गेले होते, गप्प बसलो असतो तरी कुणाला कळलं नसतं. पण हाताला प्लास्टर घालून ती बाहेर आली आणि पहिलंच म्हणाली, "त्याला घर कसं सापडलं रे?"

मी सगळं सांगितलं. फोटो, पाटी, गाळलेल्या ओळी.

"म्हणजे तो येतोय हे तुला रोज दिसत होतं."

"दिसत होतं, ताई."

तिनं डाव्या हातानं माझ्या थोबाडीत दिली. इतकी वर्षं मार खाल्ला, पण त्याच्यावर तिनं कधी हात उचलला नव्हता. तिची पहिली थप्पड मला बसली, आणि ती माझ्याच हक्काची होती.