तीन बटणं आणि आंबवणीचं पाणी

माझं ऑफिस शिरूरला, ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर आहे. मी मोबाईलची आणि टॅबची ॲप बनवतो. काय करता, असं कुणी विचारलं की मी 'कंप्युटरचं' एवढंच सांगतो, कारण पुढचं सांगितलं की लोक आपला बिघडलेला फोन पुढं करतात.

भीमेकाठच्या एका गावात पाण्याची एक लहान संस्था आहे. नदीवर मोटारी, तिथून जमिनीखालून गेलेली पाइपलाइन आणि लाइनवर ठिकठिकाणी व्हॉल्व्ह. सभासदांना पाणी पाळीनं मिळतं. एकाची पाळी झाली की पुढच्याची, आणि हुकली तर थेट दहा दिवसांनी. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला पाटकरी म्हणतात. पाळी आली की तो मोटरसायकलवरून जायचा, बांधावरून हाक मारायचा आणि माणूस दिसला की चावी फिरवायचा. हे इतकी वर्षं बिनतक्रार चाललं होतं, म्हणूनच बहुधा नव्या चेअरमनना ते मागासलेलं वाटायला लागलं.

त्यांची मागणी एका वाक्याची होती. पाळी आली की सभासदाचा फोन मोठ्यानं वाजला पाहिजे. मी लगेच हो म्हटलं. फोन वाजवणं याहून सोपं काम फोनकडून दुसरं कुठलं करून घेणार, असं मला वाटलं होतं.

पुढचे सहा महिने मी फोन वाजवत होतो.

स्वस्तातले फोन बॅटरी वाचवायला मागं चालणारी ॲप गुपचूप मारून टाकतात. प्रत्येक कंपनीची मारायची रीत वेगळी, आणि ती बंद करायची खिट्टी सेटिंगमध्ये वेगळ्याच कोपऱ्यात दडवलेली. मी कंपनीवार, चित्रांसकट सूचना लिहून काढल्या. फोन अपडेट झाले, खिट्ट्या हलल्या आणि माझ्या सूचनांना एका दिवसात ऐतिहासिक मूल्य आलं. अलार्म वाजवायला परवानगी लागते. ती मागितली की फोन सभासदाला इतक्या गंभीर शब्दांत विचारतो की गहाणखतावर सही करतोय असं वाटून माणूस 'नाही' दाबतो. शिवाय आमच्याकडची एक सवय. संध्याकाळी गोठा झाडावा तसा लोक फोन झाडतात. उघडी असतील नसतील ती सगळी ॲप अंगठ्यानं एकेक करून वर उडवायची, म्हणजे फोन हलका होतो.

"मी रोज साफ करतो, साहेब," एका सभासदानं मला अभिमानानं सांगितलं. "कचरा म्हनून ठिवत न्हाई."

"त्या कचऱ्यात आपलं पाण्याचं ॲप होतं, मामा."

"ते तर पयलं काढतो. लई बॅटरी खातं."

मग मी ॲपचा नाद सोडून सर्व्हरवरून सरळ कॉल लावायची सोय केली. तर फोन त्या नंबरवर 'संशयित' असा लाल शिक्का मारायला लागले, आणि चेअरमन म्हणाले, कॉलच करायचा तर ॲप कशाला. प्रश्न बरोबर होता. उत्तर त्यांनाच माहीत होतं, पण ते फ्लेक्सवर छापण्यासारखं नव्हतं.

चेअरमनांचा स्वतःचा फोन महागातला, दुसऱ्या जातीचा. त्या फोनांचा कारभार वेगळा. तिथं ॲप दुकानात ठेवायचं तर कंपनीचा तपासनीस आधी ते वापरून बघतो. तो कोण, कुठल्या देशात बसतो, कधी येतो, काही कळत नाही. फक्त नकाराचं पत्र येतं, आणि त्याची भाषा आमच्या तहसीलच्या पत्रांची सख्खी बहीण शोभावी. पहिलं पत्र: नमुन्याच्या खात्यात यादी रिकामी दिसते. मी खोटी यादी भरली. दुसरं पत्र: खातं खरं वाटत नाही, सगळ्या सोयी चालू असलेलं खातं द्या. पाळी दहा दिवसांतून एकदा येते आणि बटणं पाळीच्या दिवशीच उघडतात, हे मी इंग्रजीत तीन परिच्छेद लिहून समजावलं. तिसरं पत्र दुसऱ्यासारखंच होतं, शब्दही तेच.

तोवर पाटकऱ्याच्या हातात पाळ्यांची यादी दाखवणारा टॅब येऊन दोन महिने झाले होते. आधी चावी आणि आता टॅब, त्यामुळे त्याला हात कमी पडत होते, पण काम चाललं होतं. उद्घाटन तेवढं राहिलं होतं. आमच्याकडे गोष्ट सुरू होणं आणि तिचं उद्घाटन होणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि फेटे दुसरीलाच बांधतात. तारीख ठरली, मंडप ठरला, टॅबला घालायच्या हाराचं माप घेऊन झालं. फ्लेक्सवर 'शंभर टक्के सभासद ॲपवर' असं छापलं होतं, म्हणून मला शंभर टक्के सभासदांची खाती उघडावी लागली. त्यात एक मावशी होत्या. त्यांच्याकडं साधा बटणाचा फोन, तोही बहुतेक वेळ घरातल्या कोनाड्यात. त्यांची पाळी आली की पाटकरी त्यांना हाक मारायचा आणि टॅबवर 'आलो' हे बटण स्वतःच दाबायचा.

आता माझी चूक सांगतो. तपासनिसाला खरं खातं हवं होतं आणि न वापरलेलं खरं खातं माझ्याकडं एकच होतं. मी मावशींचं खातं त्याला देऊन टाकलं. वेगळी यादी, वेगळा सर्व्हर करायला दोन दिवस लागले असते, आणि मी कंटाळलो होतो. हा तपासनीस आठ-आठ दिवस फिरकत नाही, बटणं उघडतात एक दिवस, तो नेमका त्याच दिवशी कसा येईल, असा माझा हिशोब होता. सरकारी कचेऱ्यांवर वाढलेल्या माणसाचा हिशोब.

ॲपमध्ये सभासदाला तीन बटणं होती: 'आलो', 'झालं' आणि 'नको'. नको म्हणजे या पाळीचं पाणी सोडलं. शेतात पीक नसलं की लोक पाणी सोडतात, मग ते पुढच्या व्हॉल्व्हला जातं. चेअरमन आणि संचालकांच्या आग्रहावरून हे बटण मी पक्कं करून ठेवलं होतं. काही जण नको म्हणून तासाभरानं परत मागायचे आणि भांडणं व्हायची, म्हणून एकदा दाबलं की माघार नाही.

बुधवारी मी दौंडला होतो. पाटकऱ्याच्या जादा टॅबची काच फुटली होती, ती बदलून घेत होतो. साडेबाराला पाटकऱ्याचा फोन आला. आवाजात घाई नव्हती, नुसतं कुतूहल.

"साहेब, एक इचारायचं होतं. मावशीकडं टचचा मोबाईल कवापासून आला?"

"कुठल्या मावशी?"

"आपल्या लाइनीच्या मावशी. टॅबवर त्यांचं 'नको' आलं सकाळी. म्या पानी पुढं सोडलं आप्पांना. आन् आता इकडनं चाललो तर मावशी बांधावर खोरं घेऊन बसल्यात. म्हनत्यात, नऊ वाजल्यापास्नं वाट बघतीय."

काउंटरवरच्या माणसाला मी काच राहू दे म्हणालो.

तपासनीस बुधवारीच आला होता. त्यानं तपासनिसानं करावं तेच केलं होतं. तिन्ही बटणं ओळीनं दाबून बघितली होती.

मावशींचं घर मूळचं मेंढरांमागं फिरणारं. एका जागी शेती करायला लागून त्यांची एकच पिढी झाली. वीस वाफे कांदा, आणि लागण होऊन चार दिवस झालेले. लागणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जे हलकं पाणी द्यावं लागतं त्याला आंबवणी म्हणतात. ती चुकली की रोपं माना टाकतात, आणि मग दहा दिवसांनी नदी जरी वळवून आणली तरी उपयोग नाही. तिथपर्यंतच्या रस्त्यात मी दुसरा कसलाच विचार केला नाही. सकाळपासून पाणी त्यांच्या पायाखालच्या पाइपातून पुढं चाललं होतं आणि त्या वर बसून होत्या.

पुढचे सभासद आप्पा. जुने बागायतदार, संस्थेचे संचालक. पाणी त्यांच्या उसात चाललं होतं. मी पोचलो तेव्हा दोन वाजले होते. पाटकरी आणि मावशी तिथंच उभे होते. मी सगळं सांगितलं. एक परदेशी माणूस, त्याला ॲप तपासायचं होतं, मी त्याला मावशींचं खातं दिलं. सांगताना मलाच ते खरं वाटेना.

"म्हंजी फॉरेनच्या मानसानं मावशीचं पानी सोडलं," आप्पा म्हणाले.

"व्हय आप्पा. चूक माझी आहे."

"ते झालं. टॅब काय म्हनतोय आता?"

"तुमची पाळी चालू आहे म्हणतोय."

"मग मी पानी दिलं तर उद्या टॅब म्हनल, आप्पाचं झालं. दहा दिवस मी काय करू? तुमी टॅबवर फिरवून द्या, मी आत्ता बंद करतो. माझं काय न्हाई."

हे त्यांचं बरोबर होतं. आणि टॅबवर फिरवणं मला जमत नव्हतं, कारण ते कुणालाच जमू नये अशीच मी ती सोय केली होती. आतून बदलायला माझा लॅपटॉप लागायचा, तो शिरूरला. जायला-यायला दोन तास, आणि शेतीची लाइट साडेचारला जाणार.

"फिरवता येत न्हाई हे तवा बोलला असता तर बटणच बसवलं नसतं, इंजिनेर," आप्पा म्हणाले.

"तवा तुमीच मीटिंगला म्हनला, बटण पक्कं पायजे," पाटकरी जमिनीकडं बघत म्हणाला.

आप्पांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

शेवटी मी गाडीतून सूचनांचा एक कागद काढला. कुठल्या कंपनीची खिट्टी कुठं असते ते त्यावर छापलेलं होतं. मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं की आज अमुक वाजल्यापासून लाइट जाईपर्यंत पाणी मावशींचं, आप्पांची पाळी उद्या सकाळी पुन्हा पहिल्यापासून, टॅब काहीही दाखवो. खाली सही केली. आप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. म्हणाले, "लाइट जाईपातूर. उद्याचं पानी माझं."

पाटकऱ्यानं चावी फिरवली. टॅब मोटरसायकलच्या डिकीत होता. त्याच्या मते पाणी उसातच होतं.

मावशी पुढं आणि मी मागं, असे आम्ही त्यांच्या शेतात आलो. त्यांनी दुसरं खोरं माझ्या हातात दिलं. "दारं धराया येत्यात का?"

"लहानपणी धरलीत."

"मग त्या अंगाला व्हा."

एक वाफा भरला की दार बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. मला जमेना. माती कमी पडायची, भरलेल्या वाफ्यातून पाणी निसटायचं, मावशी येऊन एका फटक्यात ते नीट करायच्या आणि परत जायच्या. मधेच खिशात फोन थरथरला. ॲप मंजूर झाल्याचं पत्र होतं, त्यात अभिनंदन लिहिलं होतं. चिखलाच्या बोटानं ते पत्र पुसलंही जाईना. साडेचारला लाइट गेली. धार बारीक झाली आणि तेराव्या वाफ्याच्या तोंडाशी थांबली.

बारा भिजले, आठ राहिले. मावशींनी त्या आठांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"एक काम करा. तुमच्या त्या मोबाईलातनं माझं नाव काढा."

त्याच दिवशी शिरूरला जाऊन मी आप्पांची पाळी नीट केली आणि मावशींचं खातं काढून टाकलं. उद्घाटनाला मी गेलो नाही. पाटकरी सांगत होता, टॅबला हार जड झाला आणि तो स्टँडसकट आडवा पडला, पण भाषणं सरळ पार पडली. दुसऱ्या दिवशी चेअरमनांचा फोन आला.

"यादीत एक सभासद कमी दिसतोय."

"मावशींचं खातं काढलं."

"अहो, शंभर टक्के जाहीर केलंय मी."

"परत घालणार नाही, साहेब. दुसऱ्या कुणाकडून घालून घ्या."

त्यांना माझ्याऐवजी दुसरं कुणी स्वस्तात मिळालं नसावं, कारण विषय तिथंच थांबला.

आठातले दोन वाफे मावशींनी प्यायच्या पाण्याचे हंडे वाहून वाचवले. सहा गेले. मी दीड महिन्यानं पाटकऱ्याच्या टॅबच्या कामाला गेलो तेव्हा त्या सहांत मेथी होती, काढायला आलेली. मावशी खुरपं घेऊन वाफ्यात बसल्या होत्या. कसं आहे कांद्याचं, असं विचारायचा धीर मला झाला नाही. त्यांनीच दोन जुड्या बांधल्या आणि पुढं केल्या.

"न्या घरी. कांदा असता तर दिला नसता."

मी जुड्या गाडीत ठेवल्या. घरी बायकोनं विचारलं, इतकी ताजी मेथी कुठं मिळाली. मी म्हटलं, बाजारात.