चुकीचं उत्तर आधी फळ्यावर

सावे बाई आज सकाळी गेल्या. तरी मी गणिताचा तास बुडवला नाही.
बुडवला असता तर त्यांनी वरून ओरडून मला वर्गात पाठवलं असतं.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बोईसरजवळच्या आमच्या शाळेत बाई गणित शिकवायच्या. राहायला माकुणसारला. आवाज असा, की शेजारच्या वर्गाचेही पाढे फुकटात पाठ व्हायचे.

आमच्या वर्गात तारापूरच्या कॉलनीतली मुलं होती, बंदरावरची होती आणि आम्ही पाड्यावरची.
कॉलनीवाल्यांना क्लास होता. आम्हाला दिवाळीनंतर वीटभट्टी होती.

सातवीत होळीला भट्टीवरून परत आले, तेव्हा व्यस्त प्रमाण शिकवून झालं होतं.
शाळेत चर्चा चालू, हिला कच्च्या मुलांच्या रांगेत बसवा.
घरी बाबांचं ठरलंच होतं. "यंदा बास. पुढल्या वर्षी भट्टीवरच. शाला नाय."

बाईंनी मला त्या रांगेत बसवलंच नाही. उभं केलं आणि पुस्तकातलं गणित विचारलं.
चार मजूर एक भिंत सहा दिवसांत बांधतात. आठ मजुरांना किती दिवस लागतील?

मी म्हटलं, "सहाच."

अख्खा वर्ग खो खो हसला. सगळ्यात जास्त हसली श्वेता, कॉलनीतली, आमची टॉपर. (आज माझी जिवलग. हे वाचते आहेस ना गं? वाच!)

बाईंचा एक नियम होता. चुकीचं उत्तर आधी फळ्यावर लिहायचं, मग विचारायचं.
त्यांनी फळ्यावर भला मोठा सहा काढला.
"कसं आलं?"

"माणसं वाढली का मुकादम काम पन वाढवतो, बाई. दिस तेवढंच लागतात."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भट्टीवर हे बरोबर आहे. मग पुस्तकात तीन का? श्वेता, तू सांग."
श्वेताला तीन येत होतं. का, ते येत नव्हतं.

आम्हा दोघींना त्यांनी एका बाकावर बसवलं. "उत्तर कुणी सांगायचं नाही. एकमेकींना फक्त विचारायचं."

तास संपता संपता मीच ओरडले, "भिंत तेवढीच ठेवली तर तीन, बाई!"
श्वेता म्हणाली, "मग पुस्तकात तसं लिहायला नको?"

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं.
"तुजा जबाब बाईंनी फल्यावर लिवला? सगल्यांसमोर?"
"हो."
"मंग तू आत्याकडं रा. भट्टीवर आमी जातो."

दहावीला गणितात आमच्या वर्गाची एकही विकेट पडली नाही. कॉलनीची नाही, बंदराची नाही, पाड्याची नाही. लोक म्हणाले, बॅच चांगली होती. बॅच कसली, बाई चांगल्या होत्या!

आता मी मासवणकडच्या एका शाळेत गणित शिकवते. मला याचा अभिमान आहे आणि तो मी मुळीच लपवणार नाही.

आज तासाला भट्टीवरून नुकतीच परतलेली एक मुलगी चुकली. मान खाली घालून बसायला लागली.
मी तिचं उत्तर फळ्यावर लिहिलं. पण "कसं आलं" विचारायचं सोडून तेच उत्तर खडूनं पुन्हा पुन्हा गिरवत राहिले.

शेवटी तीच म्हणाली, "बाई, सांगू का कसं आलं ते?"

आता माकुणसारला निघते आहे.

बाई, फार छान सांगितलं तिनं. तुम्ही ऐकायला हव्या होतात.
नमस्कार करते.