काळी नदीवर तात्यांची माशी

घाटकोपरच्या आमच्या चाळीतून निघालो, तेव्हा जिन्यातच चार जणांनी वाट अडवली. माझ्या खांद्यावर कापडी पिशवीतली लांबलचक काठी होती आणि ती कशाची हे कळल्याशिवाय कोणी आम्हाला सोडायला तयार नव्हतं. तळमजल्यावरच्या काकूंना ती मच्छरदाणीची वाटली.

"मासे पकडायला चाललोय," मी सांगून टाकलं.

"मग खारदांड्याला जा ना रे! त्यासाठी बोचकी कशाला बांधायची?" शेजारचा दामू म्हणाला. "आणि गळाला काय लावणार? कोलंबी?"

"माशी," माझ्यापुढे उभे असलेले तात्या म्हणाले.

"माशीनं मासा?"

"खरी नाय रे. पिसांची."

दामूनं माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याला जपून ने, असं त्याला म्हणायचं असावं.

तात्या म्हणजे माझे सासरे. मूळचे मालवणचे. फोर्टातल्या एका विलायती सामानाच्या दुकानात त्यांनी एकतीस वर्षं माश्या बांधल्या. बारीकशा गळाला पिसं, रेशीम आणि जरीची तार गुंडाळून किड्यासारखं दिसणारं काहीतरी करायचं, ते लांब दोरीनं पाण्यावर अलगद फेकायचं, आणि शिकारी मासा त्याला भुलून झडप घालतो, असा तो सगळा प्रकार. साहेबलोक त्या माश्या डबीत घालून जंगलातल्या नद्यांवर जात. तात्या दुकानातच राहत. गिऱ्हाइकाला काठी दाखवायची म्हणून ते दुकानाच्या गच्चीवर दोरी फेकायला शिकले होते. पंधरा पावलांवरच्या बशीत माशी बरोबर टाकत, पण पाण्यात त्यांनी ती कधी टाकलीच नव्हती. ते निवृत्त झाले तेव्हा मालकानं घड्याळ न देता एक जुनी काठी दिली. पुढे उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, डावाही अंधुक होऊ लागला, आणि एक दिवस ते माझ्या बायकोला, सुधाला, म्हणाले, "माझी माशी मासो खाता की नाय, इतक्याच माका बघूचा आसा. डोळे आसत तवसर."

मी शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या एका मास्तरांचे मेहुणे काळी नदीकाठी सुप्याला रेंजर. त्यांनी वाटाड्या मिळवून देतो असं कळवलं, आणि सुधानं माझी रजा माझ्याआधी ठरवली. त्याआधीचे चार रविवार तात्यांनी मला पवईच्या तलावावर नेऊन दोरी फेकायला शिकवलं. पहिल्या रविवारी मी स्वतःची टोपी पकडली, दुसऱ्या रविवारी तात्यांचं धोतर.

पुण्याला गाडी बदलून आम्ही छोट्या रुळांवरच्या गाडीनं लोंढ्याला उतरलो आणि तिथून लाकडं नेणाऱ्या लॉरीत बसलो. रस्ता कसला, लाल मातीची चाकोरीच ती. दोन्ही बाजूंना साग आणि किंजळ, मधूनमधून बांबूची बेटं. एका वळणावर ड्रायव्हरनं लॉरी थांबवली. समोरून गव्यांचा कळप रस्ता ओलांडत होता.

"काय दिसता?" तात्यांनी विचारलं.

"गवे. सात-आठ असतील."

"काळे डोंगर हलल्यासारखे दिसतत माका," ते खूश होऊन म्हणाले.

सुप्याला आमची वाट पाहत उभा होता तो सोमा गावडा. चाळिशीचा, काटक, खांद्यावर कांबळं आणि कमरेला कोयता. तो कुणबी, कोकणी बोलणारा. तात्यांची मालवणी आणि त्याची कोकणी यांची पाच मिनिटांत गट्टी जमली आणि त्या दोघांत परका ठरलो तो मी. तरुणपणी सोमानं साहेबांना नदी दाखवण्याचं काम केलं होतं. स्वराज्य आल्यावर ते साहेब गेले, आणि काठी घेऊन येणारे आपल्यातले पहिले आम्हीच. त्यामुळे आमची परीक्षा होणार, हे त्याच्या नजरेत दिसतच होतं.

त्याच्या घराच्या पडवीत आमचा मुक्काम. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं कढण पोटात गेल्यावर त्यानं जपून ठेवलेली पत्र्याची डबी काढली. एका साहेबानं दिलेल्या तीन माश्या तिच्यात होत्या. त्या तात्यांच्याच हातच्या तर नसतील, असं मला वाटलं. तात्यांनी एकेक माशी डाव्या डोळ्याशी नेली, बोटांनी चाचपली.

"माझी न्हय," ते म्हणाले. "हिचा डोक्या बग, ढेकळासारख्या झालाहा. कोणी बांधली देव जाणे."

सोमा इतका हसला की त्याची बायको चुलीपासून उठून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नदीवर गेलो. तासभर झाडीतून चालल्यावर आधी आवाज आला, मग गारवा, आणि मग एकदम नदीच समोर. मी वर्गात फळ्यावर बोटभर निळी रेघ काढून 'काळी' असं लिहीत असे. ती ही! काळ्या खडकांमधून पांढरी होऊन उसळत यायची आणि खाली रुंद डोहात हिरवी होऊन थांबायची. पाणी इतकं नितळ की दोन पुरुष खोलीवरचे गोटे मोजता यावेत. त्या गोट्यांवरून लांब, सोनेरी सावल्या सरकत होत्या.

"खडस (महाशीर मासा)," सोमा कुजबुजला.

तात्यांनी डोळे बारीक करून पाण्याकडे पाहिलं. त्यांना त्या दिसत नव्हत्या.

ते खडकावर उभे राहिले आणि त्यांनी दोरी फेकली. मागे, पुढे, मागे, पुढे, आणि जरीची माशी डोहाच्या पलीकडच्या कडेला पान पडावं तशी उतरली. सोमाच्या तोंडून "हांऽऽ" निघालं. परीक्षेतला पहिला पेपर आम्ही पास झालो. पण मासा आला नाही. दुपारपर्यंत आला नाही, संध्याकाळपर्यंत आला नाही. तात्यांनी लाल माशी लावली, निळी लावली, मोरपिसाची लावली. सावल्या माशीपर्यंत येत, बघत आणि निघून जात. मधल्या वेळात वानरांनी आमच्या शिदोरीतल्या दशम्या आणि गूळ पळवला, लोणचं तेवढं सोडलं.

दुसरा दिवसही तसाच गेला. संध्याकाळी सोमा संकोचून म्हणाला, "आजोबा, पिठाचा गोळा लावूया. नाहीतर खेकडा. तासाभरात मासा हातात देतो."

"नको," तात्या म्हणाले. "मासो बाजारात पण गावता."

परतताना ते वाटभर माश्यांची डबी चाचपत होते. पडवीत टेकल्यावर हळूच म्हणाले, "जावयबापू, माका एक कळला. ह्ये जरीचे रंग गिऱ्हाइकांसाठीच होते. एकतीस वर्सां मी मासे नाय, सायबच पकडलंय."

ते हसले, पण मला हसता आलं नाही. उरला होता एकच दिवस. त्यानंतर सकाळची लॉरी.

तिसऱ्या दिवशी सोमा आम्हाला वरच्या डोहावर घेऊन गेला. काठी पिशवीतून काढायच्या आधी त्यानं आम्हाला खाली बसवलं. "राव (थांबा). आधी बघूया ते काय खातात." डोहावर उंबराची फांदी वाकली होती. वारा आला की तिच्यावरून काहीतरी पाण्यात पडे आणि लगेच खालून पाणी फुटे. सोमा झाडावर चढला आणि मुठीत एक किडा घेऊन उतरला. मळकट तपकिरी, केसाळ, बोटाच्या पेराएवढा.

तात्यांनी तो तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याला पाठीपासून पोटापर्यंत चाचपलं.

"सोमा, कोंबड्याचा पीस गावात?"

रानकोंबड्याची पिसं त्या वाटेवर पडलेलीच होती. सोमानं चार आणली. तात्यांनी जरीच्या माशीवरची जर खरवडून टाकली. धागा हवा होता, तो माझ्या स्वेटरच्या बाहीतून उसवून घेतला. स्वेटर तपकिरी होता आणि सुधानं विणलेला होता, पण तेव्हा ते बोलण्याची सोय नव्हती. तात्यांचे डोळे मिटलेलेच होते. पीस गळाभोवती फिरत होतं, दातांत धरलेला धागा ताणला जात होता, बोटं एकदाही अडखळली नाहीत. डोळ्यांवाचून हे काम चालतं, हे बहुधा त्यांनाही तेव्हाच कळलं. माशी तयार झाली तेव्हा ती अगदी कुरूप होती. दुकानात कोणी हात लावला नसता.

उंबराखाली पोचायला पाण्यात उतरावं लागणार होतं. गुडघाभर पाण्यात मी तात्यांना मागून कमरेला धरलं. सोमा खडकावर पालथा पडून सांगू लागला, "डावीकडे. अजून दोन हात. आता!"

माशी उतरली. एक क्षण काही नाही. मग डोहाचा तळ वर आल्यासारखं पाणी उचललं गेलं आणि तात्यांच्या हातातली काठी अर्धी वाकली.

"आयलो! आयलो!" सोमा ओरडला.

दोरीचं चाक किंचाळत होतं. मासा खालच्या धारेकडे सुटला आणि नेमकी इथेच माशी शिंकली: माझा पाय शेवाळावरून घसरला. मी छातीभर पाण्यात गेलो, पण तात्यांची कंबर सोडली नाही. त्यामुळे तेही माझ्याबरोबर आले. फक्त काठी वर राहिली. गळ्यापर्यंत भिजलेला म्हातारा दोन्ही हातांनी काठी उंच धरून ओरडत होता, "जावयबापू, माका सोडलास तरी चलात, पण काठी धर!" इतकी वर्षं मला 'तुमी' म्हणणारे तात्या त्या क्षणी 'तू'वर आले.

आम्ही धडपडत काठाला लागलो. मासा तीनदा पळाला, तीनदा तात्यांनी त्याला परत वळवलं. माझं बोट दोरीनं कापलं, ते मला नंतर कळलं. शेवटी तो उथळ पाण्यात आडवा झाला तेव्हा सोमानं कांबळं टाकून त्याला बाहेर ओढलं. हाताएवढा लांब, खवले रुपयाएवढे, सोनेरी, कल्ल्यांपाशी लालसर.

तात्या गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी माशाच्या सर्वांगावरून हात फिरवला. मग गळ काढून हातात घेतला. खडसाच्या दाढा घशात असतात. माशीचा पार चोथा झाला होता, पिसं मोडलेली, गळ वाकलेला.

"माझ्याकडून नवीकोरी जायत," ते म्हणाले. "परत येताना अशी दिसतत, ह्या माका ठाऊकच नव्हता."

ती चावलेली माशी त्यांनी कोणाला धरू दिली नाही. डोळ्यांत पाणी होतं की नदीचं पाणी ओघळत होतं, मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी सोमाच्या घरी तिरफळं घातलेली माशाची आमटी झाली. तात्यांनी पहिला घास घेऊन मान हलवली. "बांगड्याची सर नाय. चिखलाचो वास येता." आणि मग वाटी तीनदा पुढे केली.

घाटकोपरला परतल्यावर दामूनं विचारलं, "केवढा होता?" मी हात पसरले, तात्यांनी माझे हात धरून जवळ आणले. सुधानं माझ्या स्वेटरकडे पाहिलं आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. वर्गात आता मी काळी नदी काढतो तेव्हा खडू रेंगाळतो, तास संपतो आणि गोदावरी राहून जाते. एवढा लांबचा प्रवास एका माशासाठी का केला, असं लोक विचारतात. मला वाटतं, माणसाच्या हातून आयुष्यभर जे बाहेर जातं, त्याचं पुढे काय होतं ते एकदा तरी त्याला बघायला मिळावं.

पावसाळ्याआधी तात्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटायच्या आधीच त्यांनी डझनभर तपकिरी माश्या बांधून सोमाला पाठवल्या होत्या. दिवाळीनंतर सुप्याच्या शाळेतल्या मास्तरांनी सोमाच्या वतीनं लिहिलेलं कार्ड आलं: माश्या पोचल्या. दोन झाडात अडकून गेल्या. एकीवर त्या दिवशीच्या दुप्पट मोठा मासा लागला होता, पण तुटून गेला.

तात्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"तुटलो तो दोरो," ते म्हणाले. "माशी धरून होती. लिव त्येका तसा."

आणि मी लिहायला बसेपर्यंत त्यांनी पुढचा गळ चिमट्यात लावलासुद्धा.