रॅमताई

रमाताई चिडल्या की त्यांची भाषा बदलायची. एरवी हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात त्या स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. पण कुणाच्या कामात गलथानपणा दिसला की थेट अकोला. “काहून केलं हे असं? कोणी सांगतलं तुले?” दिवसातून चार वेळा तरी अकोला यायचंच. जुन्या व्हिडिओ टेपा संगणकावर घ्यायच्या आणि त्यांचे रंग, थरथर, ओरखडे स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रॅमला ओळीओळीने द्यायच्या सूचना, लिहून दुरुस्त करायचे, हे आमचं काम. त्यात संगणकाच्या मेमरीवरून, म्हणजे रॅमवरून, त्या इतक्या बोलत, की ऑफिसने त्यांचं नाव ‘रॅमताई’ ठेवलं. अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मला हे काम त्यांनीच शिकवलं. “क्लिपला नाव दिलं म्हणजे अख्खी फिल्म त्या नावात भरली असं नाही. नाव फक्त कुठे बघायचं ते सांगतं. पण ते आहे तोवर प्रोग्रॅम मागची फाइल उघडी ठेवतो, तिच्या फ्रेम हाताशी ठेवतो. मेमरी खाल्ली जाते ती तिथे.” मी हुशारी केली. एकच नाव पुन्हा पुन्हा वापरलं. म्हटलं, जुनी क्लिप आपोआप सुटेल. “नाव नवीले दिलं म्हणून जुनी क्लिप गेली का? नवी क्लिप जुनीतूनच बनवली ना तू? मग ती जुनीले धरूनच बसन!” त्यांचा उपाय कंटाळवाणा होता. एका टेपेला एक स्क्रिप्ट. चालवा, बंद करा, शेवटपर्यंत बघा, मगच पुढची.

धायरीच्या एका निवृत्त गृहस्थांनी तीस टेपा आणून दिल्या. त्यांची बायको मूकबधिर मुलांची शिक्षिका होती. खुणांच्या भाषेत गोष्टी सांगताना तिने स्वतःचं चित्रीकरण करून ठेवलं होतं. ती गेली, टेपांना बुरशी लागली. एकदा चालवल्यावर पुन्हा चालणार नाहीत अशी त्यांची अवस्था. रमाताईंनी त्या स्वतः पुसून, स्वतः चालवून संगणकावर घेतल्या.

आमच्या साहेबांना मात्र घाई. तिसांची मिळून एकच स्क्रिप्ट हवी, एका दमात.

“मशीनमध्ये चौसष्ट जीबी रॅम आहे, मॅडम. शोभेला नाही आणली.”

“प्रोग्रॅम जुना आहे, साहेब. मशीनमध्ये पोतंभर ओता, तो आपल्या मापानेच घेतो.”

साहेब हसले. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पुढच्याच आठवड्यात रमाताई भाचीच्या लग्नाला अकोल्याला गेल्या आणि साहेबांनी मला बोलावलं. मी लिहिली ती स्क्रिप्ट. तीस क्लिपा, तीस नावं. फाइल तयार झाली, सुरुवात छान दिसली. डिस्कवर जागा हवी होती, म्हणून साहेबांनी टेपांवरून घेतलेल्या मूळ कॉपी पुसायला सांगितल्या. मी पुसल्या.

रमाताई परत आल्या आणि ती फाइल शेवटपर्यंत बघत बसल्या. एकविसाव्या टेपेनंतर नुसता काळा पडदा. मेमरी संपली, तरी प्रोग्रॅम मुकाट काळ्या फ्रेम लिहीत राहिला होता. नऊ टेपा गेल्या. त्या बाईचे हात गेले.

साहेबांनी काय करावं? ग्राहकाला मेल पाठवायला लावली : ‘आपल्या टेपा मुळातच खराब होत्या.’ टाइप मी केली. रमाताईंनी फक्त तपासणीच्या कागदावर सही करायची होती.

“त्या टेपा माह्या हातानं चालवल्या मी. नऊच्या नऊ चांगल्या होत्या. मेलेल्या बाईवर कायले ढकलता?”

सही नसेल तर राजीनामा, असं साहेब म्हणाले. अत्यंत सभ्य आवाजात, ‘आपण’ वगैरे लावून. त्या सभ्यपणाची मला आजही शिसारी येते. रमाताईंनी राजीनामा दिला. अख्खा मजला मान खाली घालून बसला होता. मीही.

त्याच संध्याकाळी त्या धायरीला निघाल्या. मी मागे लागले म्हणून मलाही नेलं. गृहस्थांनी चहा केला. रमाताईंनी काही न लपवता सांगितलं, “चूक आमच्या कंपनीची. तुमच्या टेपांची नाही, आणि त्या जपणाऱ्या बाईंची तर नाहीच. माफी मागायला आले.” स्क्रिप्ट कुणी लिहिली, हे त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. गृहस्थ बराच वेळ वाचलेल्या एकवीस टेपांविषयीच विचारत राहिले.

आठवड्याभरात रमाताईंनी पुणं सोडलं. मी फोन केले. त्या नीट बोलायच्या, माझ्या नव्या कामाची चौकशी करायच्या. साहेबांना बढती मिळाली.

मला दोन महिने लागले. एका रविवारी एकटीच धायरीला गेले आणि दारातच सांगितलं, “ती स्क्रिप्ट मी लिहिली होती. मूळ कॉपी मी पुसल्या. ती मेलही माझीच.”

गृहस्थ म्हणाले, “माहीत आहे. मेलखाली नाव होतं तुमचं. त्या दिवशी तुम्ही चपला घालत होतात, तेव्हा ‘ते काम यांनीच केलं का?’ असं ताईंना मी विचारलंही. त्या म्हणाल्या, ‘तिले आज काही बोलू नका. तिची ती येईल.’”

मग ते बाजूला झाले आणि मला आत यायला वाट दिली.