आर्बोरेटममधला कावळा

सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या हर्नडनजवळच्या आर्बोरेटममध्ये, म्हणजे वृक्षांच्या बागेत, दुर्बिणवाल्यांची झुंबड उडे, दक्षिणेला निघालेले इवलेसे पक्षी बघायला. प्रतापला मात्र साधा कावळा हवा असे. पितृपक्षात ऑफिसला दांडी मारून, कागदी प्लेटमध्ये वडिलांच्या नावाचा भात-वडा वाढून तो झाडाखाली ताटकळत बसे.

“अरे, दर्भाचा कावळा कर की, चालतं,” बायको, नेत्रा, वैतागून म्हणे. पण बाबांना असलं काही चाललं नसतं. त्यांची इच्छा एकच होती, पोरानं परत यावं.

आज एक कावळा फांदीवर येऊन बसला, पण काही केल्या खाली उतरेना. शेवटी थकून प्रतापनं हात जोडले. “बाबा, पुढच्या वर्षी नक्की परत येतो. कायमचा.”

कावळा उडून गेला. गेल्या वर्षीही त्यानं हेच ऐकलं होतं.