थंड बोर्ड

अंबरनाथच्या आमच्या कंपनीत दुसऱ्यांचा कोड तपासून पास करायचं काम माझ्याकडे आहे. हे काम करणाऱ्या बाईला कोणी आपणहून चहाला बोलावत नाही. आम्ही कारखान्यांतल्या मशीनसाठी कंट्रोलर बनवतो. कंट्रोलर सुरू केला की नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम, पडद्यावर पिवळी वॉर्निंग टाकायचा: कार्ड तयार नाही. बंद करून लगेच पुन्हा सुरू केलं की वॉर्निंग गायब, कारण तोवर कार्ड जागं झालेलं असायचं. त्यामुळे सगळ्यांना दोनदा सुरू करायची सवयच जडली होती. उल्हासनगरच्या ज्या गाळ्यात आमच्या कंट्रोलरचे बोर्ड जोडून मिळतात, तिथले शेठ मलाच शिकवायचे, "दो बार चालू करो मॅडम, बात खतम."

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने ती पिवळी ओळ पाहिली आणि ऑर्डर अडवली. दुरुस्तीचं काम चामटोलीच्या आमच्या सहकाऱ्याकडे गेलं. शेतकरी घरातला पहिलाच इंजिनीयर, लग्न झालेला, आणि इतकी वर्षं घासूनही कॉन्ट्रॅक्टवरच. साहेबांनी त्याला सांगितलं होतं, वॉर्निंग घालव, तुला पर्मनंट करतो. रोज कात्रपला माझ्या घरावरून मला बाइकवर घेऊन यायचा. मला ताई म्हणायचा, आणि मला ते आवडायचं.

त्याची दुरुस्ती मी सकाळी, रात्रभर बंद असलेल्या बोर्डावर लावून पाहिली. वॉर्निंग होतीच. बंद करून सुरू केलं, गेली. त्याच्या दुरुस्तीशिवायही गेलीच असती. मी कपाळावर हात मारला. त्याने सवयीने दोनदा सुरू केलं असणार आणि आधीच चालू होऊन गरम झालेला बोर्ड बघून खूश झाला असणार, दुसरं काय!

चारचौघांत नको म्हणून घरी जाताना बाइकवरच त्याला सांगितलं. "अरे, ड्रायव्हर नुसता थोडा वेळ थांबवून काय उपयोग? थंड कार्डाला तेवढा वेळ पुरत नाही. कार्ड तयार आहे का ते कार्डालाच विचारायचं, मग पुढे जायचं. एका दुपारचं काम आहे."

"ताई, आता पास करा ना. नंतर नीट करतो."

"वॉर्निंग तशीच आहे, पास कशी करू?"

त्याने बाइक जोरात पळवली आणि कात्रपला मला उतरवलं. मी दुरुस्ती परत पाठवली आणि कारण लिहिलं.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "गिऱ्हाईक उद्या येतंय. बोर्ड आधीच गरम करून ठेवू. तुम्ही फक्त पास करा."

मी त्याची बाजू घेऊन भांडले. म्हटलं, सर, त्याचा दोष नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीने त्याला फसवलं. दोन दिवस द्या, तो नीट करेल. आणि त्याला पर्मनंट मात्र कराच. साहेब मान हलवत ऐकत राहिले. मग माझ्यासमोरच त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवरून दुरुस्ती पास केली. कोणी थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं.

गिऱ्हाईक आलं, बघितलं, खूश होऊन गेलं. माझं बाइकवरून जाणं-येणं बंद झालं. "ताई, हल्ली मला लवकर निघावं लागतं," असा त्याचा मेसेज आला. मी शेअर रिक्षा धरली. राग आला, पण रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं. बिचाऱ्याला चुकीची लाज वाटत असेल, असं मी स्वतःला समजावत राहिले. योग्य तो कोडही लिहून ठेवला, त्याच्या नावावर घालायला. मूर्खपणाला माझ्या तोड नाही.

पर्मनंटचं पत्र मिळालं तेव्हा तो पेढे घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"ताई, राग धरू नका."

"राग कसला? चूक कोणाकडून होत नाही? दोनदा सुरू करून बघितलंस, एवढंच."

त्याने पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "चूक नव्हती, ताई. थंड बोर्डावर वॉर्निंग येतेच, हे मी आधीच बघितलं होतं. साहेबांनाही सांगितलं होतं. तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी भांडून गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. म्हणाले, बाईंना अजून पत्ताच नाही. आणि आम्ही दोघं हसलो, ताई. मीपण हसलो."