सासुरवाडीची सासनकाठी

साताऱ्याहून निघालो तेव्हा गाडीत आम्ही चौघं होतो: मी, माझी बायको, तिची धाकटी बहीण आणि त्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू. साडू फौजेत, सुट्टीवर आलेला. छाती अशी की सीटबेल्टनं त्याची दोनदा माफी मागितली. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. माझ्या छातीबद्दल कुठल्याही बेल्टची तक्रार नाही.

म्हसवडला दोघी बहिणींच्या चहासाठी थांबलो. टपरीवाला साडूला पाहून उभाच राहिला. "फौजी, बसा की! कवा आला सुट्टीला?" मग माझ्याकडं बघून म्हणाला, "डायवरला बी च्या देऊ का?"

पुढं माळ. ऊन असं, की बाभळी एकमेकींच्या सावलीला उभ्या होत्या. आटपाडीच्या अलीकडं आमची सासुरवाडी, आणि तिथं ग्रामदैवताची जत्रा. पालखीपुढं सासनकाठी (नाचवायचा उंच, सजवलेला बांबू) निघते. औंदा तिचा मान आमच्या सासऱ्यांच्या घराकडं. त्यांना मुलगा नाही, म्हणजे जावयानं धरायची. थोरला जावई मी!

वस्तू, प्रतीकं, भाषा, मूल्यं आणि रूढी मिळून संस्कृती होते, हे वर्गात सांगून माझा घसा बसलाय. इथं ते सगळं एका बांबूला बांधून अंगणात उभं होतं, आणि मला ते माझ्या खांद्यावर हवं होतं. धरणाऱ्याला कडक उपास असतो. मी कुणी न सांगताच पहाटेपासून पाण्यावर होतो.

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मिशीवर हात फिरवला. "काठी धाकल्यानं धरावी. फौजीच्या खांद्यात दम हाय. सरांचं काय, खडू उचलायची सवय."

अंगण हसलं. बांधावरची म्हैससुद्धा हसली, शपथेवर सांगतो.

मग मी जावयाच्या हातातलं एकमेव शस्त्र उपसलं. रुसलो. खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडलो. रुसलेल्या जावयाला घरानं मनवायचं, ही इकडची रूढी. ती मोडायची छाती फौजीतही नाही. थोड्या वेळानं मामाच आले.

"आवं पावणं, उठा की. गाव हसंल आमाला. तुमीच धरा काठी. झालं?"

मी आधी भिंतीकडं बघून पोटभर हसलो, मग चेहरा गंभीर करून वळलो. मामी, म्हणजे सासूबाई, ताट घेऊन उभ्या होत्या. रुसवा निघाला की सासूनं गोड घास भरवायचा, त्याशिवाय तो निघाला असं धरत नाहीत. पुरणपोळी, वर तुपाचं तळं. घास ओठाशी आला. तोंड आपोआप उघडलं. गिळलाही.

दारातून साडू ओरडला, "मामी, आवं दादांचा उपास हाय!"

मामांनी कपाळावर हात मारला. "आता काठीला शिवायचं न्हाई, पावणं."

"आणि ह्यांचा कुठं उपास आहे?" मी साडूकडं बोट दाखवलं.

साडू खाली बघत म्हणाला, "सकाळधरनं पाण्यावरच हाय मी, दादा. आपलं असंच. म्हटलं, न जाणो."

काठी उठली. शेंडा कर्नाटकातून दिसला असेल! खाली साडू असा नाचला, की हलगीवाले दमले. "कुणाचा रं ह्यो जावाय?" गर्दीतून कुणी विचारलं. मामांचा आवाज इतका उंच मी कधी ऐकला नव्हता. "माजा! माजा हाय!" मी गुलाल उधळत होतो. बहुतेक मुठी त्याच्या डोळ्यांच्या रोखानं.

परतताना साडू मागच्या सीटवर शर्ट उतरवून बसला होता. खांदा काळानिळा. त्याची बायको हळद लावत होती, आणि माझी बायको मान वळवून विचारत होती, "फार दुखतंय का हो, भाऊजी?" मी गाडी चालवत होतो. संस्कृती एका पिढीकडून दुसरीकडं जाते, असं मी पोरांना शिकवतो. जाताना ती कुणाच्या अंगावर वळ उठवते आणि कुणाला नुसता घास भरवते, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

साताऱ्याला घरी पोचल्यावर दार लावून मी आरशापुढं उभा राहिलो आणि शर्ट उतरवून खांदा पाहिला. एक ओरखडाही नव्हता.